नवले पुलाचा उतार: अपघाताची सरकारी नोंद काय टिपते आणि काय सोडून देते

प्रकरणाची जागा

साताऱ्याकडून मुंबईकडे जाणारी मालवाहतूक पुणे शहराला बाहेरून वळसा घालते ती राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या देहूरोड–कात्रज बाह्यवळणाने. खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडल्यावर कात्रजचा नवा बोगदा लागतो आणि बोगद्यातून बाहेर पडलेला रस्ता दरी पूल, नऱ्ह्याचा भाग, स्वामीनारायण मंदिर असे टप्पे ओलांडत नवले पुलापर्यंत उतरत जातो. रस्ता झाला तेव्हा हा भाग शहराबाहेरचा होता. आज उताराच्या पायथ्याशी वडगाव, नऱ्हे, आंबेगाव आणि धायरीची दाट वस्ती आहे, महाविद्यालये आहेत, सेवा रस्त्यांवरून मुख्य रस्त्यावर येणाऱ्या दुचाकी आणि रिक्षा आहेत. घाट उतरून आलेले अवजड वाहन आणि घरी परतणारा पुणेकर नेमके येथे एकमेकांच्या वाटेत येतात.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री या उतारावर एका अवजड वाहनाने पुढच्या वाहनांना एकामागून एक धडका दिल्या. त्या रात्रीच्या बातम्यांत ४८ वाहनांचे नुकसान झाल्याचे सांगितले गेले, तर पोलिसांच्या मोजणीत ही संख्या २४ निघाली. अनेक जण जखमी झाले, मात्र कोणाचाही मृत्यू झाला नाही. इंधन वाचवण्यासाठी चालकाने उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली होती, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासाच्या हवाल्याने सांगण्यात आले. त्यानंतर रंबलर पट्टे, फलक, वेगमर्यादा आणि वेग मोजणारे कॅमेरे असे उपाय झाले. १३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी याच परिसरात एक कंटेनर अनियंत्रित झाला, एक मोटार दोन अवजड वाहनांच्या मध्ये चिरडली गेली, आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला.

या दोन अपघातांमधल्या काळात महाराष्ट्रातील अपघातांची नोंद देशातील सर्वांत आधुनिक सरकारी प्रणालीत होत होती. त्यामुळे माहिती नव्हती म्हणून लोक मेले, असे येथे म्हणता येत नाही. माहिती गोळा होत होती, पण ती ज्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी गोळा केली जाते ते प्रश्न या उताराला लागू पडणारे नव्हते. या प्रकरणातून मला तेवढेच दाखवायचे आहे, आणि त्यासाठी आधी उतारावर ट्रकचे नेमके काय होते ते समजून घ्यावे लागते.

उतारावर काय घडते

आपल्याकडच्या बहुतेक ट्रकना ड्रम ब्रेक असतात आणि ते हवेच्या दाबावर चालतात. भरलेला ट्रक लांब उतारावर केवळ पायाच्या ब्रेकने रोखत आणला, तर घर्षणाने ड्रम आणि लायनर तापत जातात. तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की ब्रेकचा पेडल पूर्ण दाबूनही हवी तेवढी पकड मिळत नाही. म्हणून घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाच्या अवरोधावर वेग धरायचा असतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की हा अवरोध नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्यात इंजिनही बंद केले, तर हवेचा दाब तयार करणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतला दाब घटतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. वेगनियंत्रक बसवलेला असला तरी येथे त्याचा उपयोग नाही. तो इंजिनाला मिळणारे इंधन कमी करून वेग मर्यादित ठेवतो, उतारामुळे वाढलेला वेग त्याला आवरता येत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्हींचा माहिती-संकलनाशी थेट संबंध आहे. अपघात पुलाजवळ होतो, पण त्याची सुरुवात वर कुठेतरी, बोगद्यातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत झालेली असते. दुसरी गोष्ट तपासाची आहे. तापून निकामी झालेला ब्रेक थंड झाल्यावर बऱ्याच प्रमाणात पुन्हा काम करू लागतो. मोटार वाहन निरीक्षक काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी गाडी तपासतो तेव्हा ड्रम थंड झालेले असतात. लायनरवरच्या खुणा, ड्रमचा बदललेला रंग, ब्रेकची जुळणी हे मुद्दाम पाहिले नाही, तर अहवालात ब्रेक सुस्थितीत असल्याची नोंद होऊ शकते, आणि ती तांत्रिकदृष्ट्या खोटीही नसते. चालक सांगतो की ब्रेक लागला नाही आणि अहवाल सांगतो की ब्रेक चालू आहे. अशा वेळी दोष चालकाच्या नावावर जमा होतो आणि उतार तपासाबाहेर राहतो.

नोंदीचा मूळ हेतू

आपल्याकडे रस्त्यावरील अपघाताची पहिली सरकारी नोंद पोलीस ठाण्यात होते, आणि ती गुन्ह्याची नोंद असते. पूर्वी भारतीय दंड विधानाची कलमे २७९ आणि ३०४-अ लागत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ आणि १०६ लागतात. फिर्यादीतले वाक्य मात्र फारसे बदललेले नाही: अमुक चालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून अपघात केला. न्यायालयापुढे एका व्यक्तीची जबाबदारी ठरवण्यासाठी हे वाक्य आवश्यक आहे आणि त्या कामापुरते ते योग्यही आहे. अडचण येते ती पुढे, जेव्हा हेच वाक्य राज्याच्या आणि देशाच्या तक्त्यात 'कारण' म्हणून जाऊन बसते.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय दरवर्षी देशातील अपघातांचा अहवाल प्रसिद्ध करते. त्याचा मुख्य आधार राज्यांच्या पोलीस दलांकडून ठरावीक नमुन्यात येणारी माहिती हाच असतो. २०२२ सालच्या अहवालानुसार देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी महाराष्ट्रातील मृत्यू १५,२२४ होते. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास असताना त्यांच्यावरील मृत्यू एकूण मृत्यूंच्या ३६.२ टक्के होते. सरकारने माहिती-संकलनाचा भर महामार्गांवर का ठेवला, हे एवढ्या एका आकड्यावरून स्पष्ट होते.

त्याच अहवालात वाहतूक नियमांच्या उल्लंघनाचा तक्ता आहे आणि त्यात ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाल्याचे दाखवले आहे. हा आकडा शासकीय भाषणांत आणि रस्ता सुरक्षा अभियानाच्या फलकांवर वारंवार येतो. परंतु यांतील फार थोड्या प्रकरणांत वेग प्रत्यक्ष मोजलेला असतो. रस्त्यावरची घसरण, वाहनांच्या पत्र्याचे नुकसान, यंत्रातील नोंदी यांवरून धडकेच्या वेळचा वेग काढता येतो. मात्र ते प्रशिक्षित माणसाचे आणि वेळखाऊ काम आहे. तपासी अंमलदाराला ते साधन दिलेले नसते, आणि फिर्यादीत 'भरधाव' आधीच लिहिलेले असते. वेग हे अपघाताचे मोठे कारण आहे याविषयी मला शंका नाही. शंका आहे ती या रकान्याच्या उपयोगाविषयी, कारण नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये घरंगळलेला ट्रक, रात्री रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम वेग वाढवलेली मोटार आणि चुकीच्या वळणामुळे बाहेर फेकली गेलेली दुचाकी हे तिन्ही अपघात एकाच 'अतिवेगा'त मोडतात. तिन्हींवरचे उपाय मात्र पूर्णपणे वेगळे आहेत.

आयरॅड आणि ई-डार

ही उणीव सरकारला ठाऊक नव्हती असे नाही. २०१० च्या राष्ट्रीय रस्ता सुरक्षा धोरणात अपघातांच्या माहितीचा सुसंघटित साठा उभारण्याची गरज मान्य केलेली आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने मंत्रालयाने 'एकात्मिक रस्ते अपघात माहितीसाठा' अर्थात आयरॅड हा प्रकल्प हाती घेतला. मद्रासच्या आयआयटीने त्याच्या विश्लेषणाची रचना केली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तो प्रत्यक्षात उतरवला. २०२१ मध्ये सहा राज्यांत त्याची सुरुवात झाली आणि महाराष्ट्र त्यांपैकी एक होता.

पद्धत अशी आहे. पोलीस अंमलदार घटनास्थळी पोहोचल्यावर मोबाइलमधील ॲपवर नोंद उघडतो. जागेचे अक्षांश-रेखांश, छायाचित्रे, वाहनांचे क्रमांक, जखमी आणि मृत व्यक्तींचा तपशील त्यात भरला जातो. वाहन आणि परवान्याची माहिती 'वाहन' आणि 'सारथी' या प्रणालींमधून येते. नोंदीला स्वतंत्र क्रमांक मिळतो. मग तीच नोंद परिवहन विभागाकडे वाहनाच्या तपासणीसाठी, रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या विभागाच्या अभियंत्याकडे जागेच्या पाहणीसाठी आणि आरोग्य विभागाकडे जखमींच्या माहितीसाठी जाते. पुढे या साठ्याला ई-डार, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सविस्तर अपघात अहवाल, जोडण्यात आला आणि विमा कंपन्या व मोटार अपघात दावा न्यायाधिकरण यांना नुकसानभरपाईसाठी ती माहिती मिळू लागली. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत देणे बंधनकारक आहे.

या रचनेतले मला सर्वांत मोलाचे वाटते ते अभियंत्याला दिलेले स्थान. यापूर्वी अपघातानंतर रस्त्याविषयी अधिकृतपणे काही लिहिण्याची जबाबदारी व्यवहारात कोणावरच नव्हती. पंचनाम्यात रस्ता डांबरी आहे, दुभाजक आहे, उजेड पुरेसा आहे, एवढे येई. आता रस्त्याच्या मालकाला त्या जागी जाऊन रुंदी, वळण, उतार, कठडे, खुणा यांविषयी नोंद करावी लागते. अक्षांश-रेखांशाचेही तसेच आहे. 'नवले पुलाच्या अलीकडे, अमुक हॉटेलसमोर' अशा वर्णनावरून दहा अपघात एका जागी झाले की दोन किलोमीटरभर पसरले, हे सांगता येत नसे.

तरीही दोन गोष्टी या रचनेत कमकुवत राहिल्या आहेत. नवले पुलासारख्या ठिकाणी अंमलदाराला आधी जखमींना हलवायचे असते, वाहतूक मोकळी करायची असते, जमाव आवरायचा असतो, मृतांचा पंचनामा करायचा असतो, आणि या सगळ्यात ॲपमधले रकाने भरायचे असतात. जे रकाने न्यायालयाला लागतात ते काळजीने भरले जातील आणि जे फक्त अभियंत्याला लागतात ते 'लागू नाही' किंवा 'इतर' म्हणून सुटतील, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. ई-डारमुळे भरपाईचा मार्ग सुकर झाला ही अपघातग्रस्त कुटुंबांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. पण त्याच कारणाने संपूर्ण साठ्याचे गुरुत्वकेंद्र पुन्हा 'दोष कोणाचा' या प्रश्नाकडे सरकले आहे. आणि रस्त्यातील उणिवांची नोंद ज्याने करायची, तो अभियंता त्याच रस्त्याची देखभाल करणाऱ्या यंत्रणेचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद योग्यच आहे, परंतु तिच्या छायेत बसून स्वतःच्या रस्त्याविरुद्ध पुरावा लिहिण्याची अपेक्षा अभियंत्याकडून करणे अवघड आहे. ही पाहणी त्रयस्थ माणसाने करायला हवी.

पाचशे मीटरांची चौकट

नोंदी जमल्यावर त्यांतून धोक्याच्या जागा निवडल्या जातात. राष्ट्रीय महामार्गांसाठी मंत्रालयाने २०१५ मध्ये ठरवलेली व्याख्या अशी: सुमारे ५०० मीटर लांबीच्या तुकड्यावर मागील तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात घडले असतील, किंवा त्याच तीन वर्षांत दहा मृत्यू झाले असतील, तर तो 'ब्लॅक स्पॉट'. या व्याख्येने मोठे काम झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय महामार्गांवर अशी १३,७९५ ठिकाणे शोधली गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे, आणि त्यांपैकी सुमारे पाच हजार ठिकाणी दीर्घकालीन सुधारणा पूर्ण झाल्या आहेत.

आता हीच व्याख्या आपल्या उतारावर लावून पाहू. २०२२ च्या अपघातात दोन डझन वाहने सापडली. सूत्रात त्याचे वजन किती? कोणाला गंभीर दुखापत झाली असेल तर एक, नसेल तर शून्य. मृत्यूंच्या निकषात तो मोजलाच जात नाही. म्हणजे उतारावर अनियंत्रित झालेले वाहन खाली काय करू शकते याचा इतका ढळढळीत इशारा सूत्रात जवळपास अदृश्य आहे. २०२५ च्या अपघातातील आठ मृत्यू घ्या: मृत्यूंच्या निकषात ते दहापेक्षा कमी आहेत आणि अपघातांच्या निकषात ते सर्व मिळून एक आहेत. केवळ त्या संध्याकाळच्या आधारावर ही जागा धोकादायक ठरत नाही. शिवाय २०२५ चा अपघात ज्या तीन वर्षांच्या खिडकीत शेवटी येतो ती २०२३ ते २०२५ अशी आहे, त्यामुळे नोव्हेंबर २०२२ चा अपघात तिच्या बाहेर पडतो. जवळजवळ एकाच जातीचे दोन अपघात, परंतु या हिशेबात ते एकत्र बसत नाहीत.

याहूनही मूलभूत अडचण लांबीची आहे. बेशिस्त चौक, अरुंद पूल, झाकलेले वळण अशा जागांसाठी ५०० मीटर पुरेसे आहेत, कारण कारण आणि परिणाम जवळजवळ असतात. लांब उताराचे तसे नसते. ब्रेक तापू लागतो दरी पुलाच्या आसपास, चालकाच्या लक्षात येते मंदिराजवळ आणि धडक होते पुलाजवळ, किंवा समोर वाहने आधीच थांबलेली असतील तर थोडी अलीकडे. परिणामी एकाच कारणाचे अपघात तीन-चार वेगवेगळ्या तुकड्यांत विखुरतात. ज्या तुकड्यात संख्या भरते तेथे रंबलर पट्टे आणि फलक लागतात. ज्याचा ब्रेक आधीच गेलेला आहे त्याला पुलाजवळचा फलक वेग कमी करा म्हणतो, तेव्हा तो ते करू शकत असता तर अपघात झालाच नसता. उपाय वर हवा: बोगद्यानंतर लगेच गाडी खालच्या गिअरमध्ये टाकायला लावणारी व्यवस्था, ब्रेक थंड करण्यासाठी थांबण्याची सक्तीची जागा, आणि वेग आवरेनासा झालेल्या ट्रकला रस्त्याबाहेर घेऊन खडी-वाळूच्या चढात रुतवणारी आपत्कालीन वाट.

पुणेकर या जागेला कित्येक वर्षांपासून ब्लॅक स्पॉट म्हणतात आणि प्रशासनानेही तेथे वारंवार पाहण्या केल्या आहेत. त्यामुळे सूत्राबाहेर जाऊन लक्ष दिले गेले नाही, असा माझा आरोप नाही. मला दिसते ते एवढेच की लक्ष दिले गेले ते माहितीने दाखवलेल्या टोकाकडे, आणि माहिती अपघात जेथे संपतो तेवढीच जागा दाखवते.

आकड्यांवरचा विश्वास

येथे थोडे विषयांतर आवश्यक आहे, कारण एका उतारावरून निष्कर्ष काढताना मूळ आकडे कितपत भरवशाचे आहेत हे पाहिले पाहिजे. २०१६ साली भारतात रस्ते अपघातांत दीड लाखाहून थोडे अधिक मृत्यू झाल्याची सरकारी नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षासाठी केलेला अंदाज सुमारे २ लाख ९९ हजारांचा होता. अंदाज हा अंदाजच असतो आणि त्याच्या पद्धतीवर वाद होऊ शकतो. पण अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू अपघाती मृत्यू म्हणून धरायचा, असा नियम असताना पुण्यातील रुग्णालयातून गावाकडे नेलेला जखमी तीन आठवड्यांनी गेला, तर ती बातमी मूळ पोलीस ठाण्याच्या नोंदीपर्यंत पोहोचेलच याची खात्री कशी द्यायची? रुग्णालये आयरॅडमध्ये पूर्णपणे सहभागी होणे महत्त्वाचे आहे ते यासाठी.

तमिळनाडूचे उदाहरण आणखी बोलके आहे. या राज्याने अपघातांची संगणकीय नोंद देशात फार लवकर सुरू केली. मंत्रालयाच्या अहवालांत तेथील मृत्यू २०१६ मधील १७,२१८ वरून २०१९ मध्ये १०,५२५ पर्यंत उतरल्याचे दिसत होते आणि त्याचे सर्वत्र कौतुक झाले. नंतरच्या अहवालांत २०१९ चा तोच आकडा सुधारून १८ हजारांच्या वर नेण्यात आला. त्याबरोबर २०१९ सालचे देशातील एकूण मृत्यूही १,५१,११३ वरून १,५८,९८४ झाले. चूक सुधारून प्रसिद्ध करणे हे मी चांगल्या यंत्रणेचेच लक्षण मानतो. मात्र मधल्या काळात इतर राज्यांनी त्या घटीवरून धडे घेतले, धोरणात्मक निष्कर्ष काढले, आणि ते सारे अशा उतरणीवर बेतलेले होते जी नंतरच्या तक्त्यात उरली नाही.

घाटापलीकडचा दाखला

नवले पुलापासून फार लांब नसलेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग दुसरी पद्धत दाखवतो. या ९४.५ किलोमीटरच्या रस्त्यावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते. त्याआधीच, २०१२ पासून, एका संशोधन संस्थेच्या पथकाने महामार्ग पोलिसांच्या सहकार्याने प्रत्यक्ष अपघातस्थळी जाऊन मोजमापे घेण्यास सुरुवात केली होती: टायरच्या खुणा, पत्र्याची चेप, पट्टा लावला होता की नाही, गाडी कशावर आदळली, कोणत्या आघाताने कोणती इजा झाली. या पद्धतीत एकाच अपघाताला मानवी, वाहनविषयक आणि रस्त्याविषयक अशी अनेक कारणे एकत्र लिहिता येतात. कडेला उभ्या ट्रकवर मागून आदळलेली मोटार ही केवळ 'चालकाचे दुर्लक्ष' राहत नाही. ट्रकला मागे परावर्तक आणि अडथळापट्टी नसणे आणि तो तेथे उभा असणे हीही कारणे नोंदली जातात.

२०१६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्र समूह यांनी 'शून्य मृत्यू मार्ग' हा उपक्रम सुरू केला. कठड्यांची उघडी टोके, खांब, काँक्रीटचे अडथळे अशी शेकडो ठिकाणे एकेक करून हाताळली गेली, उभ्या ट्रकवर कारवाई झाली, रुग्णवाहिकेचा प्रतिसाद सुधारण्यात आला. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. २०२० च्या आकड्यात टाळेबंदीचा वाटा आहे आणि नंतर संख्या वर-खाली होत राहिली, हे लक्षात घेऊनही हा फरक मोठा आहे. त्याचे श्रेय मी केवळ नव्या कठड्यांना देणार नाही. प्रत्येक मृत्यूमागे 'येथे माणूस का वाचला नाही' हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर लिहिण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांच्यापुढे ना फिर्याद होती, ना स्वतःच्या कामाचा बचाव.

या उतारासाठी काय गोळा करावे

द्रुतगती मार्गावरची सखोल तपासणी देशातील साडेचार लाखांहून अधिक अपघातांना लावता येणार नाही, हे उघड आहे. तिची गरजही नाही. गरज आहे ती निवडक मार्गांवर, आणि नवले पुलाचा उतार त्या यादीत पहिल्या काही नावांत असायला हवा. त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती सरकारच्या वेगवेगळ्या दारांत आधीच जमा होते आहे.

खेड शिवापूरच्या नाक्यावर आसांच्या संख्येनुसार प्रत्येक वाहनाची फास्टॅग नोंद होते. म्हणजे या दिशेने रोज, तासागणिक किती अवजड वाहने येतात हे ठाऊक आहे. हा छेद मिळाला की मृत्यूंच्या संख्येऐवजी दर दहा हजार अवजड वाहनांमागे किती अपघात, असा खरा धोका मोजता येतो, आणि एखादा उपाय केल्यानंतर धोका घटला की केवळ वाहतूक घटली, हेही कळते. महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या मदत क्रमांकावर आणि १०८ रुग्णवाहिकेकडे येणारे दूरध्वनी ही आणखी एक खाण आहे. धुराचा वास आला म्हणून कडेला उभा राहिलेला ट्रक, ब्रेक न लागल्याने दुभाजकाला घासून थांबवलेला कंटेनर, आपसांत मिटवलेली किरकोळ धडक, यांपैकी एकही घटना पोलिसांच्या नोंदीत येत नाही. पण आठ जण जाण्याआधी अशा कितीतरी घटना घडत असतात. उतारावरच्या कॅमेऱ्यांचेही तसेच. आज त्यांचा उपयोग दंडाच्या चलनापुरता होतो. बोगद्याच्या तोंडाशी, दरी पुलावर आणि मंदिराजवळ एकाच ट्रकचा वेग किती होता हे जोडून पाहिले, तर कोणत्या ठिकाणापासून वाहने हाताबाहेर जातात याचा नकाशा तयार होईल, आणि आपत्कालीन वाट कोठून काढायची याचे उत्तर तर्काऐवजी मोजमापातून मिळेल.

मोटार वाहन निरीक्षकाच्या नमुन्यातही उतारावरील अपघातांसाठी चार गोष्टी सक्तीच्या कराव्यात: अपघाताच्या वेळी गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, इंजिन चालू होते का, ड्रम आणि लायनरवर अतितापाच्या खुणा आहेत का, आणि गाडीत भार किती होता. तपासणी किती तासांनी झाली हेही त्याच नमुन्यात यावे. ब्लॅक स्पॉटच्या व्याख्येला जोडून लांब उतारांसाठी निराळी व्याख्या हवी, जिच्यात संपूर्ण उतार हे एकच एकक धरले जाईल, कालखंड पाच वर्षांचा असेल आणि एका अपघातात सापडलेल्या वाहनांच्या संख्येलाही वजन असेल.

शेवटचा मुद्दा माहिती कोणाला दिसते याचा आहे. अमेरिकेत १९७५ पासून प्रत्येक जीवघेण्या अपघाताची नोंद, व्यक्तींची ओळख काढून, सर्वांसाठी खुली असते. ब्रिटनमधील पोलिसांच्या अपघात नोंदीही तशाच मिळतात. आपल्याकडे वार्षिक तक्ते सर्वांना मिळतात, परंतु ठिकाणनिहाय मूळ नोंदी विभागांच्या लॉगिनमागे राहतात. नऱ्हे-आंबेगावचे रहिवासी, शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि विद्यार्थी, वाहतूकदारांच्या संघटना यांना हा उतार रोज दिसतो. त्याच्या नोंदी मात्र दिसत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत पोलीस, परिवहन, आरोग्य आणि महामार्ग हे सर्व विभाग एकत्र बसतात. बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या संपूर्ण उताराच्या गेल्या पाच वर्षांच्या आयरॅड नोंदी, टोलनाक्याची मोजणी आणि १०३३ व १०८ चे दूरध्वनी एका तक्त्यात आणून, नावे वगळून तो प्रसिद्ध करण्याची मागणी या समितीने संबंधित यंत्रणांकडे लेखी करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.